हॉटेलच्या वायफायवरून नाशिकचा दवाखाना हळदीत कसा पोचला

हे प्रकरण माझ्या आतेबहिणीचं आहे. तिला आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं त्या तिच्या धाकट्या बहिणीला, दोघींना आधी वाचून दाखवलं, दोघी हो म्हटल्या तेव्हाच हे पुढं करतोय. गाव, नाती आणि खोलीचा नंबर थोडा इकडचा तिकडं केलाय, बाकी घडलं ते तसंच. मी जळगावात नेटवर्किंग आणि सीसीटीव्हीची कामं करतो, लॉज, मंगल कार्यालयं, दवाखाने, सगळीकडं वायफाय बसवून देतो, त्यामुळं ह्या गोष्टीत मी नुसता भाऊ म्हणून नव्हतो.

ताई शहाद्याकडच्या एका कॉलेजात शिकवते. हिवाळी परीक्षा झाल्या की विद्यापीठाच्या पेपर तपासणीला, ज्याला आमच्याकडं सगळे कॅप म्हणतात, तिला जळगावला यावं लागतं आणि शहाद्याहून रोज जाऊन येऊन करणं काही जमण्यासारखं नाही. एरवी ती माझ्याकडंच उतरते पण त्या आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरात पाहुण्यांची ये-जा, म्हणून ती म्हणाली मी हॉटेलातच राहते, रात्री शांतपणे मार्कशीटचं काम तरी होईल. स्टेशनच्या बाजूचं साधं हॉटेल, खाली शेवभाजीचा हॉल, वर खोल्या. काउंटरवर आधारची झेरॉक्स दिली, रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाईल लिहिला, आणि वायफाय पाहिजे तर नंबर टाका ओटीपी येईल असं सांगितलं. खोली मागच्या बाजूला, मोबाईलला जेमतेम एक दांडी, त्यामुळं वायफायच लावलं. कोणीही तेच केलं असतं.

आता मूळ गोष्ट. धाकटीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. हे तिनं फक्त ताईला सांगितलेलं, आणि सांगितलेलं की ताई, चांगला डॉक्टर तूच बघ, माझ्या फोनला घरात सगळ्यांचे हात लागतात. ताईच्याही घरी निवांतपणा कुठला, जॉइंट फॅमिली, सासूबाई, जाऊ, पोरं. हॉटेलातल्या त्या तीन रात्री तिला पहिल्यांदा दार लावून बसायला मिळालं. तिनं नाशिकच्या एका वंध्यत्व उपचाराच्या दवाखान्याची साइट तिन्ही रात्री उघडली, डॉक्टर कोण, खर्च किती, कितीदा जावं लागतं हे सगळं वाचलं. फॉर्म भरला नाही, फोन केला नाही. ती शिकलेली बाई आहे, काळजी घेणारी आहे, तिनं हे सगळं इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीत केलं आणि वर हिस्टरी पण पुसली.

साधारण तीन आठवड्यांनी शिरपूरकडं एका लग्नात हळदीच्या दिवशी बायका बसलेल्या, मागं वरण-बट्टीच्या बट्ट्या भाजायचं चाललेलं, आणि सासरच्या नात्यातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर अहिराणीत विचारलं, "काय वं, नाशिकना त्या दवाखानामा जाई उनी का तू? पोऱ्यासाठे का?" आणि दवाखान्याचं नावही घेतलं.

ताईला एकच मुलगी आहे, चौथीत. ती झाली तेव्हापासून नऊ वर्षं ताईनं सासरी एकच गोष्ट धरून ठेवलीय, एक मुलगी पुरे, मुलासाठी मी काही करणार नाही. किती जणांची तोंडं बंद करत तिनं हे निभावलंय ते मी जवळून पाहिलंय. त्या बाईला ते माहीत होतं, म्हणूनच प्रश्न तसा आला. आणि ताईला "माझ्यासाठी नाही गं" एवढंसुद्धा म्हणता येईना कारण पुढचा प्रश्न ठरलेला, मग कोणासाठी? धाकटी समोरच बसलेली, हाताला हळद. ताई म्हणते मी नुसतं हसले आणि पाणी प्यायला उठले.

रात्री तिचा मला फोन आला. पहिलं वाक्य, "भाऊ, माझा फोन कोणीतरी हॅक केलाय."

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि फोन हातात घेतला. अशा वेळी मी आधी काय बघतो ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथंच चुकीच्या जागी शोधत बसतात. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस, तिथं कॉलेजचा कॉम्प्युटर सोडून काही नाही. गूगल अकाउंटमध्ये कुठं कुठं लॉगिन आहे, तर तिचा फोन आणि घरचा टीव्ही. टीव्हीवर मला शंका आली, कारण घरातला टीव्ही तिच्याच अकाउंटवर चालतो आणि फोनवर पाहिलेल्या विषयाचे व्हिडिओ टीव्हीवर सुचवले जातात हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय, पण यूट्यूबची हिस्टरी तपासली तर तिनं व्हिडिओ पाहिलेलेच नव्हते. स्क्रीन वाचू देणारी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलेलं अनोळखी ॲप नाही, प्ले स्टोअर सोडून बाहेरून टाकलेलं ॲप, म्हणजे एपीके, नाही. दवाखान्याकडून फुटलं म्हणावं तर दवाखान्याकडं तिचं नावच नव्हतं. भाऊजींना ती बोललेली, पण त्यांना एवढंच माहीत होतं की ती धाकटीसाठी चौकशी करतेय, कुठल्या दवाखान्याची ते त्यांनाही नाही.

मग मी तिला म्हटलं, त्या बाईला नक्की काय काय माहीत होतं ते एकेक करून सांग. इथं गोष्ट उलगडायला लागली. तिला दवाखान्याचं नाव माहीत होतं. नाशिक माहीत होतं. पण ताई तिथं गेलेलीच नाही हे माहीत नव्हतं, आणि हे धाकटीसाठी आहे हे तर अजिबातच माहीत नव्हतं. ज्यानं ताईचा फोन उघडून पाहिला असता त्याला बहिणी-बहिणींचे व्हॉट्सॲप मेसेज दिसले असते आणि खरी गोष्ट कळली असती. म्हणजे सांगणाऱ्याकडं फक्त नाव होतं, बाकीची गोष्ट त्यानं किंवा तिनं मनानं भरली. फक्त नाव हातात यावं आणि आतलं काहीच येऊ नये असं कुठं होतं? नेटवर्कवर होतं. आणि ताईनं ती साइट एकाच नेटवर्कवर उघडलेली.

इथं थोडं मागं जाऊन सांगावं लागेल. २०१० मध्ये फायरशीप नावाची एक छोटी गोष्ट फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टाकता यायची, आणि उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाचं फेसबुक एका क्लिकमध्ये उघडायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट लॉगिन झाल्यावर पुढचं सगळं उघडंच पाठवायच्या. त्यानंतर हळूहळू एचटीटीपीएस, म्हणजे फोन आणि साइटमधलं बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत, सगळीकडं आलं, २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेनं त्यासाठी साइटला लागणारं सर्टिफिकेट फुकट द्यायला सुरुवात केली, जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला नॉट सिक्युअर म्हणायला लागलं. त्यामुळं आज हॉटेलच्या वायफायवर बसून कोणी तुमचा बँकेचा पासवर्ड सहज वाचेल असं राहिलेलं नाही. नाशिकच्या त्या साइटलाही एचटीटीपीएस होतं, म्हणजे ताईनं कुठलं पान वाचलं, फी पाहिली की डॉक्टरांची माहिती, हे हॉटेलला कळायचा मार्ग नव्हता.

पण पाकीट बंद असलं तरी पत्ता बाहेरच लिहावा लागतो. गावात पूर्वी कोर्टाचा शिक्का असलेलं पाकीट आलं की पोस्टमनला ते फोडायची गरज पडायची नाही, संध्याकाळपर्यंत पारावर माहीत असायचं की अमक्याच्या घरी केस चालू झाली. साइटचं नावही तसंच आहे. फोन आधी विचारतो की ह्या नावाची साइट कुठल्या नंबरावर राहते, ते विचारणं म्हणजे डीएनएस, आणि बहुतेक ठिकाणी हा प्रश्न उघड्या अक्षरात जातो, आणि जातो कोणाकडं तर ज्याचं वायफाय त्याच्या डब्याकडं, म्हणजे राउटरकडं. पुढं साइटशी पहिला हात मिळवतानाही फोन तिचं नाव बहुतेक वेळा उघडंच बोलतो. इन्कॉग्निटोचा ह्याच्याशी काही संबंध नाही, तो फक्त तुमच्या फोनमध्ये मागं खूण ठेवत नाही. क्रोम इन्कॉग्निटो उघडतानाच सांगतं की नेट देणाऱ्याला दिसू शकतं, पण ते वाचतो कोण.

ताईला मी हे बोलून पटवत बसलो नाही, दाखवलं. तिच्याच स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, बॅगेतला एक जुना राउटर लावला आणि नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं वायरशार्क चालू केलं. ती भाकरी थापत होती, कळण्याची, हात पिठाचे. मी म्हटलं तू तुझ्या हातानं फोनवर कुठलीही साइट उघड. तिनं करंगळीनं मुलीच्या शाळेची साइट उघडली. लॅपटॉपवर ओळी पळायला लागल्या, मी थांबवून एका ओळीवर बोट ठेवलं. वेळ, तिच्या फोनचा पत्ता आणि शाळेचं नाव, टिंबा-टिंबांसकट पूर्ण. त्याच्या वर-खाली तिनं न उघडलेल्याही ओळी होत्या, व्हॉट्सॲप, हवामानाचं ॲप आणि तिच्या बँकेचं नाव, कारण बँकेचं ॲप मागं आपणहून बोलत असतं. तिनं पीठ झटकलं, जवळ येऊन वाचलं, आणि तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "म्हणजे बँक कुठली तेपण?" कुठली ते दिसतं, खात्यात किती आहेत ते नाही.

आता प्रश्न राहिला की हॉटेलमध्ये हे बघितलं कोणी. तांत्रिकदृष्ट्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे कोणी दुसरा गिऱ्हाईक. वायफायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असला, काउंटरवर चिकटवलेला असतो तसा, तर डब्ल्यूपीए२ ह्या वायफायच्या नेहमीच्या कुलपात तो पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमचा फोन जोडला जातानाचा क्षण पकडून हवेतलं बोलणं उलगडू शकतो. करता येतं, पण त्या माणसाला ताई कोण हे कसं कळणार, त्याला फक्त कुठलातरी फोन दिसेल. नाव जोडायला रजिस्टर लागतं. म्हणून मी दुसऱ्या वाटेकडं वळलो, हॉटेलचा स्वतःचा गेटवे, म्हणजे सगळ्यांचं नेट ज्याच्यातून जातं आणि जो नोंदी ठेवतो तो डबा.

ओटीपीनं वायफाय का देतात ह्याला कारण आहे आणि ते कारण मी खोटं म्हणणार नाही. जुलै २००८ च्या अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी जो धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईतल्या एका घरातल्या वायफायवरून गेला होता, आणि त्या घरातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्यानं इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की सार्वजनिक वायफायवर येणारा माणूस कोण आहे हे ओळखपत्रानं किंवा मोबाईलवर कोड पाठवून पक्कं करा आणि ती नोंद वर्षभर ठेवा. हॉटेलांत तीच पद्धत रुजली. पण त्यामुळं झालं काय, तर एका बाजूला रजिस्टरमध्ये नाव-गाव-आधार, मधे मोबाईल नंबर आणि खोली, आणि दुसऱ्या बाजूला गेटवेच्या रिपोर्टमध्ये त्याच नंबरासमोर साइटची नावं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट पत्ता देतो, चांगली गोष्ट आहे, पण नंबर टाकून ओटीपी दिलात की त्या बनावट पत्त्यालाही नाव चिकटतं.

आणि हे असले गेटवे मीच बसवतो. त्या हॉटेलचा मी बसवलेला नव्हता, पण चार लॉजमध्ये माझ्या हातचे आहेत, आणि चारही ठिकाणी मी साइटवाइज रिपोर्ट चालू ठेवून पासवर्ड मालकाच्या हातात देऊन आलो होतो, कारण ते फीचर आहे म्हणून दाखवायला बरं वाटतं. रिपोर्ट नंतर कोण उघडतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, खरं सांगतो.

हॉटेलात मी ज्यानं तिथलं काम केलंय त्या ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन गेलो. ताईचं नाव घ्यायचं नाही हे आधीच ठरवलेलं, कारण नाव घेतलं की गोष्ट आणखी एका तोंडी जाणार. शेठ वयस्कर माणूस, कपाळाला गंध, चहा मागवला. मी सरळ विचारलं, शेठ, तुमच्या वायफायचे रिपोर्ट कोण बघतं? ते म्हणाले, "रिपोर्ट? आपल्याला त्यातलं काही कळत नाही भाऊ, पोरगा बघतो सगळं." काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये पान उघडंच होतं, पासवर्ड सेव्ह केलेला, म्हणजे रात्रपाळीचा पोरगा, वेटर, कोणीही आत जाऊन बघू शकत होता. मी पान शेठसमोर वळवलं. खोली, मोबाईल नंबर, वेळ, साइट. त्यांना चष्म्यातून ते कळेना, म्हणून मी म्हटलं तुमचा स्वतःचा नंबर शोधू, म्हणजे समजेल. नंबर टाकला. आदल्या रात्री साडेअकराची ओळ वर आली, सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्या एका कंपनीचं नाव, त्याखाली तेच परत, पाऊण तासात चार वेळा.

शेठनं काही विचारलं नाही. माऊस माझ्या हातातून घेतला आणि पान बंद केलं. सोन्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात त्या एका ओळीचा अर्थ चहा घेऊन आलेल्या पोराला पण लागला असता, आणि तो अर्थ खरा असेल का हे मला आजही माहीत नाही, कदाचित ते भाव बघत असतील, कदाचित दुसऱ्या कोणासाठी.

मग पोराला वर बोलावलं. बावीस-तेवीसचा, चांगल्या घरचा, बोलायला नम्र. आधी म्हणाला मी असं काही बघत नाही दादा. मी म्हटलं लॉगिनच्या नोंदी गेटवे ठेवतो, काढू का? तेव्हा खाली बघून म्हणाला की रात्री बोर होतं, सहज बघतो, ओळखीचं आडनाव दिसलं तर बघतो. त्याची मावशी शिरपूरकडं. मावशीशी फोनवर बोलताना तुमच्या त्या अमक्यांच्या सूनबाई आमच्याकडं उतरलेल्या आणि काय बघत होत्या माहितीये का, एवढं तो बोलून गेला होता. त्याच्या दृष्टीनं ती गंमत होती. शेठनं हात उचलला तो मी धरला. मारून ताईची नऊ वर्षं परत येत नव्हती, आणि पोरगं जसं वागलं त्यात त्याला अडवणारी एकही गोष्ट त्या डब्यात कोणी ठेवलेली नव्हती.

हॉटेलच्या वायफायबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते जवळजवळ सगळं चोरांबद्दल असतं. २०१४ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं डार्कहॉटेल नावाचं प्रकरण बाहेर काढलं होतं, आशियातल्या भारी हॉटेलांत उतरणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना वायफायवर खोटे अपडेट दाखवून त्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरत होते. ते खरंच आहे आणि धोकादायक आहे, वायफायला जोडल्या जोडल्या काही डाउनलोड कर म्हणालं तर करू नका, हॉटेलच्या नावाची दोन-दोन नेटवर्क दिसली तर काउंटरवर विचारा. पण आपल्याकडं, जळगाव-धुळे-नंदुरबारात, काउंटरवरचा माणूस तुमच्या आडनावावरून पाच मिनिटांत तुमच्या सासुरवाडीपर्यंत पोचतो. त्याला तुमच्या खात्यातले पैसे नको असतात. मुंबईच्या हॉटेलात त्याच डब्यातली तीच ओळ कोणाच्या कामाची नसते, इथं तिला लगेच वाचणारा मिळतो. म्हणून मोबाईल डेटा आणि हॉटेलचं वायफाय ह्यात मी आता सरळ मोबाईल डेटा म्हणतो. साइटची नावं मोबाईल कंपनीलाही दिसतातच, पण कंपनीच्या सर्व्हरची मावशी शिरपूरला नसते.

जिथं रेंजच नाही तिथं काय, हा ताईचा पुढचा प्रश्न होता, बरोबरच होता. परत तोच लॅपटॉप, तोच राउटर. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस म्हणून एक जागा आहे. ती आपोआपवर असते आणि लोक समजतात आपण सेफ आहोत, पण आपोआप म्हणजे समोरच्या नेटवर्कचा डीएनएस कुलूपबंद बोलू शकत असेल तरच कुलूप, नाहीतर उघडं, आणि लॉजमधल्या डब्यांना सहसा ते येत नाही. तिच्या फोनवर आपोआप ठेवून दाखवलं, शाळेचं नाव दिसलंच. मग तिथं हातानं नाव भरायचं, डीएनएस डॉट गूगल, किंवा दुसरं कुठलं. भरल्यावर प्रश्नांच्या ओळी लॅपटॉपवरून गायब झाल्या, ताई खूश, पण मी खाली सरकवून दुसरी ओळ दाखवली, साइटशी हात मिळवतानाची, तिथं शाळेचं नाव तसंच. साध्या रिपोर्टमध्ये बहुतेकदा डीएनएसच वापरतात म्हणून एवढ्यानंही बरंच झाकलं जातं, पण पूर्ण नाही. हे दुसरं नावही झाकायची सोय हल्ली ब्राउझरमध्ये येतेय, ईसीएच म्हणतात, पण साइटनंही ती लावलेली पाहिजे, म्हणून तिच्यावर विसंबून चालत नाही. काही हॉटेलांत प्रायव्हेट डीएनएसची वाटच बंद केलेली असते, मग फोन म्हणतो सर्व्हर मिळत नाही आणि नेटच चालत नाही.

शेवटी व्हीपीएन, म्हणजे सगळं बोलणं कुलूपबंद करून आधी दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरकडं नेणारं ॲप, लावून दाखवला, तेव्हा लॅपटॉपवर फक्त एकच पत्ता उरला आणि किती डेटा गेला तेवढं. पण व्हीपीएन म्हणजे तुम्ही हॉटेलवरचा भरवसा उचलून दुसऱ्या कोणावर ठेवताय, आणि फुकटवाल्यांवर तो ठेवावा असं मला वाटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं भारतातल्या व्हीपीएनवाल्यांना गिऱ्हाइकांची नाव-पत्त्यांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, त्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून काढून घेतले. पोलिसांपासून लपायला ताईला काही नको होतं. तिला मावशीपासून लपायचं होतं, आणि तेवढ्यासाठी पैसे घेऊन चालणारा एखादा जुना व्हीपीएन पुरतो.

तक्रारीचं पण बोललो. सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार करता येते, जाऊन चौकीतही देता येते. भाऊजी तयार होते. ताई नाही म्हणाली. तक्रारीत लिहावं लागेल की कुठली साइट आणि का, आणि का म्हटलं की धाकटी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यात माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची हे स्पष्ट आहे, ओळख पटवायला घेतलेला मोबाईल नंबर रात्री करमणुकीसाठी साइटला जोडून बघणं त्यात कुठंच बसत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हक्क मागायला मला परत तीच गोष्ट दहा जणांसमोर सांगावी लागेल ना?" माझ्याकडं ह्याला उत्तर नव्हतं.

हॉटेलात त्या दिवशी एवढं केलं. साइटवाइज रिपोर्ट बंद केला, जुने साठलेले पुसले. कोण, कुठल्या नंबरनं, किती वाजता जोडला, ही नोंद ठेवली, आणि ती उघडायचा पासवर्ड फक्त शेठकडं आणि काम करणाऱ्याकडं. काउंटरच्या कॉम्प्युटरवरचं सेव्ह लॉगिन काढलं. एका खोलीतला फोन दुसऱ्या खोलीतल्या फोनला दिसणार नाही अशी सेटिंग गेटवेमध्ये होतीच, बंद होती, ती चालू केली. जाताना आधारच्या झेरॉक्सची फाइल दिसली, काउंटरखाली, उघड्या खोक्यात, तीही कपाटात टाकायला लावली. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत मिळते हे शेठना माहीत नव्हतं, बऱ्याच जणांना नसतं.

मग माझ्या चार लॉजवर गेलो. दोघांनी पाच मिनिटांत रिपोर्ट बंद करू दिला. तिसरा अडला, म्हणाला उद्या पोलिसांनी विचारलं तर मी काय दाखवू? त्याला समजावलं की कोण जोडला होता आणि कधी हे राहणारच आहे, त्यांना तेच लागतं, गिऱ्हाइकानं कुठला दवाखाना बघितला हे तुमच्या काउंटरवर असायची गरज नाही. तो अर्धवट पटल्यासारखा हो म्हणाला. चौथा अजून फोन उचलत नाही. त्याचा गेटवे मी लांबूनही बंद करू शकतो, ॲक्सेस माझ्याकडं आहे, पण मालकाला न विचारता त्याच्या डब्यात हात घालायचा नाही म्हणून थांबलोय. पुढच्या आठवड्यात समक्ष जाणार आहे, भुसावळला.

उन्हाळी परीक्षांच्या कॅपला ताई परत जळगावला आली, ह्या वेळी माझ्याकडंच उतरली. आल्या आल्या आईशी बोलत बसली, मग रात्री माझा वायफायचा पासवर्ड मागितला आणि मी सांगायच्या आत हसून म्हणाली, राहू दे, आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. तिथं रेंज चांगली येते. अर्धा तास धाकटीशी बोलत होती. सासरी अजून कोणीतरी अधूनमधून पोऱ्याचं काढतं, ती अजूनही उत्तर देत नाही. धाकटीची नाशिकची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे, ताई कॉलेजातून रजा टाकून तिच्याबरोबर जाणार आहे, आणि घरी सांगितलंय की सेमिनार आहे.